वाचकांचे प्रश्न : दरड कोसळण्याआधीचा निधी

प्रश्न : आमची वाडी डोंगराच्या पायथ्याशी आहे. दरड कोसळली की मदत लगेच जाहीर होते. पण वरचं पाणी वळवायला गटार मागितलं तर ‘निधी नाही’ म्हणतात. खरंच नसतो का? (एक वाचक, महाड तालुका)

उत्तर : असतो, आणि कायद्यानेच असतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ४८ नुसार राज्याने प्रतिसाद निधी (आपत्तीनंतरच्या मदतीसाठी) आणि सौम्यीकरण निधी (आपत्तीआधी धोका कमी करणाऱ्या कामांसाठी) वेगवेगळे ठेवायचे आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी सर्व राज्यांचे मिळून १,६०,१५३ कोटी रुपये धरले. ८० टक्के प्रतिसादाला, २० टक्के सौम्यीकरणाला. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, म्हणून चालू निकष जिल्हा कार्यालयातून आधी मागून घ्या.

मग अडतं कुठे? मदतीचे दर ठरलेले असतात. मृताच्या वारसांना ४ लाख रुपये. पंचनामा झाला की फाइल हलते. सौम्यीकरणाच्या प्रत्येक कामाला मात्र प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता लागते. गावातून प्रस्तावच गेला नाही, तर तो पैसा आपणहून चालत येत नाही. महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली (२२ जुलै २०२१), तशा घटनेनंतर प्रस्ताव लिहिण्यात काय अर्थ?

प्रस्तावाला ग्रामसभेचा ठराव, गट क्रमांक आणि धोक्यातल्या घरांची यादी जोडा. उतारावर भेग दिसत असेल तर दोन्ही बाजूंना खुंटी ठोकून मधलं अंतर दर आठवड्याला मोजा आणि तारखेसह फोटो काढा. वाढत जाणारं अंतर हा सर्वांत बोलका पुरावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्याकडे पाहणीची मागणी करा. गावाची पाहणी आधी झाली असेल तर अहवालाची प्रत मागा. प्रस्ताव तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. अवाढव्य काम मागू नका. किनाऱ्याच्या भिंती, पूरबांध अशी मोठी कामं नियमित विकास योजनांतून करावीत, असं पंधराव्या वित्त आयोगानेच म्हटलं आहे.

प्रश्न : आपत्तीआधीच्या कामांवर सरकारं खर्च का करत नाहीत? लोकांनाच ते नको असतं का?

उत्तर : बऱ्याच अंशी, हो. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकांचा अभ्यास मांडला. मतदार मदतीच्या खर्चाचं बक्षीस मतांतून देतात, पूर्वतयारीच्या खर्चाचं देत नाहीत, असं त्यात दिसलं. पूर्वतयारीचा एक डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो, असा त्यांचा अंदाज होता. पण हे बदलू शकतं. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. त्यानंतर आसरागृहं आणि इशारा यंत्रणा उभी राहिली आणि २०१३ च्या फायलिन चक्रीवादळात मृत्यू दोन आकड्यांत राहिले. ग्रामसभेत, निवडणुकीच्या प्रचारातही, ‘मदत किती दिलीत’ याच्या जोडीला ‘सौम्यीकरणातून आपल्या तालुक्यात कोणतं काम झालं’ हेही विचारायला हवं.

प्रश्न : पाणलोटातले सलग समतल चर वाडीच्या वर खणले तर?

उत्तर : दरडप्रवण उतारावर मुळीच नको. ते चर पाणी जिरवायला असतात. इथे मातीचा थर खडकावर बसलेला आहे. पाणी मुरलं की मातीतला पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते आणि थर घसरतो. इथे हवा तो पाणी वळवणारा चर : भेगेच्या वरच्या अंगाला, हलका ढाळ दिलेला, तळ व बाजू पक्क्या केलेल्या, आणि शेवट थेट नैसर्गिक नाल्यात. शेवट मध्येच सोडला तर पाणी नेमकं शेजारच्या घरावर येतं. भेगा चिकणमातीने घट्ट भरून घ्या. पायथ्याला भिंत बांधत असाल तर तिच्यामागे खडीचा थर आणि पाणी निघायला भोकं ठेवा; भोकं बुजली की पाणी मागे तुंबतं आणि भिंत पुढे ढकलली जाते. चर आणि भोकं मे महिन्यातच साफ व्हावीत, त्याची तरतूद ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ठेवा.