रेस वाढते, गाडी ओढत नाही. गॅरेजात मात्र सगळं ठीक!

प्रश्न : मेस्त्रीकाका, नमस्कार. माझ्याकडे 2019 सालची ऑटोमॅटिक गिअरची डिझेल पिकअप आहे. सांगलीत सेकंडहँड घेतली. बेदाणा घेऊन पुण्याला फेरी असते. जाताना काही त्रास नाही. येताना खतं-औषधं भरलेली असतात. खंबाटकी चढायला लागलो की मध्येच रेस एकदम वाढते, गाडी ओढायची थांबते आणि दोन-तीन सेकंदांनी झटका देऊन गिअर पडतो. मध्यंतरी तर एकाच गिअरमध्ये अडकून बसली. बाजूला घेऊन बंद केली, थोड्या वेळाने चालू केली तर एकदम नीट. गॅरेजात नेली की काहीच दाखवत नाही. एकाने गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल सांगितलंय, खर्च दीड लाखाच्या वर. दुसरा म्हणतो, ऑइल बदलून बघू. काय करू?
— द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव

उत्तर : दादा, गिअरबॉक्स इतक्यात कुणालाही उतरवू देऊ नका. जो बिघाड अजून कुणी डोळ्यांनी पाहिलाच नाही, त्यासाठी दीड लाख मोजायचे कशाला? अशा येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडात तपास आधी आणि पाना नंतर. तुमच्या पत्रातच अर्धा तपास आहे, तो नीट वाचू.

रेस वाढते आणि गाडी ओढत नाही, म्हणजे इंजिन ताकद देतंय पण ती चाकापर्यंत पोचत नाही. डिझेल फिल्टर चोक झाला असता तर रेसही पडली असती. त्यामुळे इंजिनाकडे सध्या बघायचं नाही.

बिघाड चढावर, गाडी भरलेली आणि तापलेली असताना येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं सगळं काम तेलाच्या दाबावर चालतं. तेल कमी असेल तर चढावर ते चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तव्यात, मागे सरकतं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. दाब पडला की आतले क्लच सुटतात, रेस वाढते. तेल परत आलं की क्लच धरतात, तोच तुमचा झटका. सपाट गॅरेजात हे दिसणार कसं? म्हणून पहिलं काम तेलाची पातळी. तुमच्या गाडीला बहुतेक तेलाची काडी नसेल. मग गाडी रॅम्पवर अगदी सपाट धरून, इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान स्कॅनरवर बघत पातळीचा बोल्ट उघडावा लागतो. किती तापमानाला उघडायचा ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. गार गाडीत अंदाजाने तेल ओतणाऱ्याला हात लावू देऊ नका. तेलही पुस्तकात लिहिलंय तेच. नुसतं लाल दिसलं म्हणून कुठलंही चालत नाही.

निघालेलं तेल स्वतः बघा. लालसर असेल तर उत्तम. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लचच्या प्लेटा घासल्यात. आणि दुधाळ, गुलाबी दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, कारण पाणी आत गेलंय. ते रेडिएटरमधल्या कूलरमधून येतं, नाहीतर पुरातून.

पुराचं मुद्दाम विचारतो. गाडी सांगलीतली आहे आणि 2021 च्या जुलैत कृष्णेचं पाणी किती घरांत शिरलं होतं ते तुम्हाला मी काय सांगू. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि नेहमी आत गुंडाळलेला राहणारा भाग बघा. तिथे गाळाची रेघ किंवा मातीचा वास असेल तर विकणाऱ्याने काहीही सांगितलेलं असो, गाडी पाण्यात उभी होती. पाणी गिअरबॉक्सच्या ब्रीदर पाइपातून, म्हणजे हवा आत-बाहेर होण्याच्या नळीतून, आत जातं आणि प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं.

आता एका गिअरमध्ये अडकण्याचं. ते गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने स्वतःला वाचवण्यासाठी केलेलं असतं. चावी बंद करून चालू केली की तो नव्याने सुरुवात करतो, पण कोड, म्हणजे बिघाडाची नोंद केलेला नंबर, बहुतेक वेळा आत राहतो. स्वस्तातला स्कॅनर फक्त इंजिनाचा कॉम्प्युटर वाचतो आणि पी 0700 दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच, की खरा कोड गिअरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तिकडे बघा. तो वाचणारा स्कॅनर असलेल्या माणसाकडेच जा आणि कोड पुसण्याआधी फोटो काढून घ्या. पी 0730 आला तर गिअर घसरतोय, म्हणजे परत तेल आणि दाब. पी 0715 किंवा पी 0720 असेल तर स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर. पी 0705 म्हणजे गिअर लिव्हरची जागा ओळखणारा स्विच.

पुढच्या फेरीला शेजारी कुणाला तरी बसवा आणि मोबाइलवर मीटरचं शूटिंग करायला सांगा, तुम्ही चालवताना करू नका. रेस वाढते त्या क्षणी स्पीडचा काटा धपकन खाली येतो का? 'डी'चा दिवा जातो का? या दोन उत्तरांनी निम्मं काम होतं.

तेल बरोबर निघालं तर गिअरबॉक्सच्या बाजूचा मोठा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडायला लावा. माझ्या हातून गेलेल्या अशा गाड्यांत इथेच पुष्कळदा सापडलंय. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर, नाहीतर वायरीच्या आतून चढून आलेलं तेल. तापल्यावर तो जोड सुटतो आणि गार झाला की परत धरतो. काँटॅक्ट क्लीनर मारा, पॉलिश पेपरने घासू नका. त्याच वेळी अर्थिंगची पट्टी बघा आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळतात का तेही. सोलेनॉइडचा (तेलाची वाट उघडबंद करणाऱ्या विजेच्या वॉल्व्हचा) रेझिस्टन्स गार असताना मोजून पुरत नाही, घाट चढून आल्या आल्या मोजायला सांगा. उसाच्या फडाजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का, तेही बघून घ्या.

एवढं झाल्यावर चेंबर खोला. मॅग्नेटवर बारीक राखाडी लेप असतोच, त्याला घाबरू नका. चकचकीत कीस किंवा प्लेटांचे काळे कण निघाले तर मात्र ओव्हरहॉलवाला बरोबर आहे. मग ते काम मुकाट्याने करून घ्या, त्यात काटकसर नको.

तोवर भरलेली गाडी घाटात घालू नका. आणि रस्त्यात बंद पडलीच तर दोरी बांधून ओढत आणायची नाही. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि मागची चाकं फिरली की गिअरबॉक्स आतून कोरडाच फिरतो. गाडी पूर्ण उचलून ठेवणारी क्रेनच बोलवा.