वाचकांचे प्रश्न : स्तनांची जन्मजात विषमता आणि शस्त्रक्रिया

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची असून बारावीत शिकते. तिच्या उजव्या स्तनाची वाढ जवळजवळ झालेलीच नाही, डावा मात्र वयाप्रमाणे आहे. ती सतत ओढणी सावरत राहते. पुढच्या आखाजीनंतर स्थळे पाहायची आहेत, तेव्हा त्याआधी ऑपरेशन उरकून घ्यावे, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. गरोदरपणात मी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असेही सासूबाई म्हणतात. काय करावे? (एक माता, चाळीसगाव तालुका)

उत्तर : ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही, हे घरात सर्वांना ऐकू जाईल असे सांगा. दोन्ही स्तनांत थोडाफार फरक बहुतेक स्त्रियांत असतोच. पण एक बाजू जवळजवळ वाढलेलीच नसेल, तर कारण शोधणे आवश्यक ठरते. मुलीला दोन्ही हात कमरेवर घट्ट दाबायला सांगा. डाव्या काखेच्या पुढच्या बाजूला स्नायूची जाड कड उभी राहील; उजवीकडे ती दिसतच नसेल, तर छातीचा मोठा स्नायू जन्मतः अपुरा असण्याची शक्यता आहे. त्याच हाताची बोटे आखूड किंवा एकमेकांना जोडलेली असतील, तर ही शंका अधिक बळावते. या स्थितीला पोलंड सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये शिकत असताना आल्फ्रेड पोलंड यांनी शवविच्छेदनात आढळलेल्या अशा छातीचे वर्णन 1841 मध्ये केले होते. गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात त्या बाजूचा रक्तपुरवठा कमी पडल्याने असे होत असावे, असे मानले जाते. हा दोष बहुधा उजव्या बाजूला आढळतो आणि क्वचितच आनुवंशिक असतो.

आणखी एक गोष्ट आठवून पाहा. तान्हेपणी छातीवर उकळता चहा किंवा दूध सांडले होते का, किंवा पोट फुगले म्हणून कोणी डागले होते का? अशा व्रणाखाली स्तनाचा अंकुर नष्ट झालेला असू शकतो, किंवा तो जिवंत असूनही आखडलेल्या कातडीमुळे त्याला वाढायला जागा मिळालेली नसते. दुसऱ्या प्रकारात व्रण मोकळा करून तेथे त्वचारोपण केले, की स्तनाला आकार येऊ शकतो. पाठीचा कणा वाकलेला असल्यानेही छाती विषम भासते, म्हणून डॉक्टरांनी पाठही तपासली पाहिजे.

स्तनांची वाढ साधारण अठरा वर्षांपर्यंत चालते. डाव्या बाजूचा आकार वर्षभर स्थिर राहिल्याशिवाय उजवी बाजू त्याच्याशी जुळवण्यात अर्थ नाही, कारण आज केलेली जुळणी दोन वर्षांत पुन्हा बिघडते. तोवर, स्तनाच्या कर्करोगानंतर स्त्रिया वापरतात तसा कृत्रिम उशीचा स्तन ब्रेसियरला खिसा शिवून वापरता येतो. मानसिक त्रास फारच असेल, तर कातडीखाली फुग्यासारखा टिश्यू एक्स्पांडर बसवून त्यात टप्प्याटप्प्याने सलाइन भरतात आणि वाढ पूर्ण झाल्यावर कायमची शस्त्रक्रिया करतात. मात्र त्यासाठी वारंवार रुग्णालयात जावे लागते, हे अंतर पाहूनच ठरवावे.

कायमच्या शस्त्रक्रियेचे मुख्य मार्ग तीन. सिलिकॉनचे इम्प्लांट, म्हणजे छातीत बसवायची कृत्रिम पिशवी, हा पहिला. ते आयुष्यभर टिकते असे समजू नये. त्याभोवतीचे आवरण कडक होऊ शकते, ठरावीक काळाने सोनोग्राफी किंवा एमआरआय करावे लागते आणि पुढे ते बदलावेही लागू शकते. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा (लसिकापेशींच्या कर्करोगाचा) संबंध आढळला आहे, म्हणून प्रकार विचारून घ्यावा आणि त्याचे कार्ड जपून ठेवावे. दुसरा मार्ग पोट किंवा मांडीची चरबी काढून छातीत भरण्याचा. तिचा काही भाग शरीर शोषून घेते, त्यामुळे काही महिन्यांच्या अंतराने एकाहून अधिक बैठका लागतात. तिसरा मार्ग पाठीचा रुंद स्नायू पुढे आणण्याचा. रोजच्या व्यवहारात त्याची उणीव सहसा भासत नाही, परंतु दोर ओढणे किंवा हातांच्या जोरावर वर चढणे यांत हाच स्नायू कामी येतो, म्हणून मुलगी पुढे शेतात कष्टाचे काम करणार असेल तर डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. पोलंड सिंड्रोमच्या काही रुग्णांत हा स्नायूही अपुरा असतो, तेव्हा तो आधी तपासून घेतला जातो.

आता स्थळांविषयी. शस्त्रक्रियेची तारीख साखरपुड्याच्या तारखेशी बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टाक्यांचे व्रण राहतात, त्यामुळे सासरपासून लपवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेने काहीच लपत नाही. शिवाय वजन किंवा गरोदरपण यांमुळे डावा स्तन बदलला, की दोन्ही बाजूंत पुन्हा फरक पडतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी संमतिपत्रावर सही आपली असली, तरी निर्णय मुलीचा असावा, आणि डॉक्टरांना तिच्याशी एकट्याने बोलू द्यावे. प्राथमिक तपासणी धुळे किंवा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होऊ शकते, मुंबईच्या जे. जे. आणि के. ई. एम. रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे स्वतंत्र विभाग आहेत. खासगी डॉक्टरांकडे जाताना त्यांची प्लास्टिक सर्जरीतील पदवी पाहून घ्यावी. विमा असल्यास, ही शस्त्रक्रिया सौंदर्योपचार म्हणून नाकारली जाणार नाही ना, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

प्रश्न : मी चोवीस वर्षांची असून नुकतेच लग्न झाले आहे. माझे दोन्ही स्तन बुडाशी अरुंद, नळीसारखे आहेत आणि पुढचा काळा भाग फुगलेला आहे. शस्त्रक्रिया केली तर बाळाला दूध पाजता येईल का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही नळीच्या आकाराच्या स्तनांची जन्मजात ठेवण वाटते. अमेरिकन शल्यचिकित्सक रीस आणि ॲस्टन यांनी 1976 मध्ये तिचे वर्णन केले. बुडाशी तंतुमय ऊतींचे आवळलेले कडे असते, खालचा भाग भरत नाही आणि ग्रंथी पुढच्या काळ्या भागातून बाहेर ढकलली जाते. शस्त्रक्रियेत त्या भागाच्या कडेने छेद घेऊन कडे आतून जागोजागी सैल करतात, ग्रंथी पसरवतात आणि गरजेप्रमाणे चरबी किंवा इम्प्लांटने खालचा भाग भरतात.

दुधाविषयी दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. अशा काही स्त्रियांत दूध बनवणाऱ्या ग्रंथीच कमी असतात, म्हणजे शस्त्रक्रिया न करताही दूध कमी पडू शकते. शिवाय छेद आणि ग्रंथीची हलवाहलव यांमुळे दुधाच्या काही नलिका कापल्या जाऊ शकतात. एक-दोन वर्षांत मूल हवे असेल, तर आधी बाळंतपण होऊ द्या आणि अंगावरचे पाजणे थांबल्यावर काही महिन्यांनी शस्त्रक्रियेचा विचार करा. प्रसूतीपूर्वी डॉक्टरांना ही ठेवण सांगा, म्हणजे बाळाच्या वजनावर पहिल्या आठवड्यापासून लक्ष राहील.

प्रश्न : नातीला दहावे वर्ष लागले आहे. तिच्या एका स्तनाग्राखाली नाण्याएवढी कडक गाठ आली असून हात लावला की दुखते. गावातील डॉक्टर ती काढून टाका म्हणतात. (एक आजोबा, यावल)

उत्तर : ती मुळीच काढू देऊ नका. या वयातील अशी गाठ म्हणजे बहुधा उमलणारा स्तनच असतो; तो एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी येणे नेहमीचे आहे. ती कापली, तर त्या बाजूला स्तन कधीच वाढत नाही, आणि निसर्गाने न दिलेला दोष आपल्या हाताने निर्माण होतो. लाली, पू, रक्तमिश्रित स्राव किंवा झपाट्याने वाढणारी सूज दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफीविषयी विचारावे. सुई घालणे किंवा तुकडा काढणे याला त्यांच्या सल्ल्याशिवाय होकार देऊ नये.