शहर बघायचं तर आरव्ही कुठे ठेवायची? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं जूनमध्ये तीस फुटी आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी, चाकांवरचं घरच) भाड्याने घेऊन बॉस्टनहून निघणार आहोत. बाल्टिमोरवरून वॉशिंग्टनला जायचं आहे. गाडी नॅशनल मॉलच्या, म्हणजे म्युझियम-स्मारकांमधल्या त्या लांबलचक हिरवळीच्या, जवळपास लावून म्युझियम बघायची आणि दुपारी गाडीत येऊन जेवून थोडं आडवं व्हायचं, असं जमेल का?

उत्तर: नाही जमणार, आणि हा बेत निघायच्या आधीच बदला. मॉलच्या आजूबाजूचं पार्किंग मीटरचं आणि ठरावीक तासांचं असतं. तीस फुटी गाडी तिथे दोन गाड्यांची जागा खाते. पार्किंग गॅरेजचं छत बहुतेक ठिकाणी सात फुटांच्या आतबाहेर, आणि तुमची गाडी वरच्या एसीसकट अकरा-बारा फूट. म्हणजे आत शिरायचा प्रश्नच नाही. जागा मिळेल या आशेने चक्कर मारत राहाल, मुलं कंटाळतील आणि चालवणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल तो वेगळाच.

मी सगळ्यांना एकच सांगते: आरव्ही शहराबाहेर, रेल्वेच्या टोकाशी ठेवायची आणि आपण रिकाम्या हातांनी शहरात जायचं. वॉशिंग्टनसाठी हे फार छान जमतं. मेरीलँडमध्ये ग्रीनबेल्ट पार्क आहे, नॅशनल पार्क सर्व्हिसचं. दाट झाडीतलं कॅम्पग्राऊंड आहे आणि शहर तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर. जागेवर वीज-पाण्याचं हूकअप, म्हणजे गाडीला जोडायची सोय, मात्र नाही, हे आधी नीट समजून घ्या. हूकअप हवंच असेल तर शेजारच्या कॉलेज पार्कमध्ये खासगी आरव्ही पार्क आहे. ग्रीनबेल्ट हे मेट्रोच्या ग्रीन लाइनचं शेवटचं स्टेशन. कॅम्पग्राऊंडपासून स्टेशनापर्यंत टॅक्सी करा आणि मेट्रोत बसलात की थेट आर्काइव्ह्ज स्टेशनला उतरा. मध्ये कुठे बदलायचं नाही. बाहेर आलात की मॉल समोरच.

दुपारच्या विश्रांतीची तुमची गरज खरी आहे, मुलं बरोबर असली की जास्तच. त्यासाठी आर्काइव्ह्जच्या एक स्टेशन आधी, गॅलरी प्लेसला उतरा. पोर्ट्रेट गॅलरी आणि अमेरिकन आर्ट म्युझियम एकाच जुन्या इमारतीत आहेत आणि त्यांच्या मधल्या चौकावर काचेचं लाटेसारखं छत घातलंय. नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने केलेलं हे छत, 2007 साली खुलं झालं. खाली टेबलं, खुर्च्या, झाडं आणि भरपूर उजेड. तिकीट नाही. तासभर बसा, कोणी उठवत नाही. मॉलवरची स्मिथसोनियन या संस्थेची बहुतेक म्युझियम साडेपाचला बंद होतात, हे मात्र सातपर्यंत उघडं असतं. त्यामुळे संध्याकाळी परत जाताना पुन्हा डोकावता येतं. लिंकन मेमोरियल रात्री बघा. ते चोवीस तास खुलं असतं आणि उन्हाची तलखीही गेलेली असते.

आता रस्त्याचं, कारण तुमच्या वाटेवरच दोन जागा अशा आहेत की मला पत्र वाचताना काळजी वाटली. बॉस्टनमध्ये स्टॉरो ड्राइव्हवर मुळीच जाऊ नका. त्यावरचे पूल इतके बुटके आहेत की दर वर्षी सामानाचे ट्रक त्यात अडकून सोलले जातात. दुसरी जागा बाल्टिमोर. तिथल्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेल या दोन्ही बोगद्यांत दहा पौंडांपेक्षा मोठं प्रोपेनचं सिलिंडर घेऊन जायला बंदी आहे, आणि आरव्हीच्या पोटातली गॅसची टाकी त्याहून मोठीच असते. पूर्वी लोक फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून वळसा घालायचे. तो पूल 26 मार्च 2024 रोजी जहाज आदळून पडला. तेव्हा तुम्ही 695 क्रमांकाच्या रिंगरोडवर शहराच्या पश्चिम बाजूने जा. फोनमधला नकाशा तुम्हाला साधी मोटार समजून सरळ बोगद्यात घालेल. उंची आणि गॅस दोन्ही विचारणारं आरव्हीचं नॅव्हिगेशन घ्या आणि गाडीची उंची फूट-इंचांत कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. बऱ्याच भाडेकरारांत छताच्या नुकसानीला विमा लागू नसतो. सही करण्याआधी ते कलम वाचा.

प्रश्न: आमच्या ह्यांचं म्हणणं, घरच बरोबर आहे म्हटल्यावर हॉटेलात सामान लावा-काढा नाही, म्हणून रोज नवं शहर करू. मला धास्ती वाटते. खरंच वेळ वाचतो का?

उत्तर: तुमची धास्ती बरोबर आहे. ह्यांना हे उत्तर वाचायला द्या.

सामान भरावं लागत नाही हे खरं, पण रोज घर उचलावं लागतं. निघताना कपाटांच्या कड्या लावायच्या, ओट्यावरचं सगळं आत ठेवायचं, स्लाइड (गाडीचा बाहेर सरकवलेला भाग) आत घ्यायची, विजेची तार आणि पाण्याचा पाइप काढून गुंडाळायचा, टाक्या रिकाम्या करायच्या, मग गाडीला एक फेरी मारून काही लोंबत नाही ना ते बघायचं. मुक्कामी पोचल्यावर हेच सगळं उलट, शिवाय गाडी लेव्हलला आणायची. गॅसवर चालणारा फ्रीज गाडी तिरकी असली तर नीट थंड करत नाही. हलण्याचा दिवस तसा अर्धा कामातच जातो. म्हणून एका शहराला निदान तीन रात्री द्या, त्यातले मधले दोन दिवस अख्खे शहराचे. दोन शहरं कमी झाली तरी चालतील.

टाक्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे काम कोणाला आवडत नाही आणि म्हणूनच घाईत उरकलं जातं. टाक्या तीन: स्वच्छ पाण्याची, मोरी-अंघोळीच्या पाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. हूकअपवर असलात तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ तळाशी साचून वाळतो, मग तो निघता निघत नाही. दोन तृतीयांश भरू द्या. मग रबरी हातमोजे घाला, जाड पाइप घट्ट बसवा आणि आधी ब्लॅक सोडा. पाइपमधला आवाज थांबला की व्हॉल्व्ह बंद करून ग्रे सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, तो या कप्प्यात कधीही ठेवायचा नाही. यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

विजेचंही गणित एकदा घरातल्या सगळ्यांना समजावून द्या. तीस अँपिअरचं कनेक्शन म्हणजे 120 व्होल्टवर 3600 वॉट. एसी साधारण दीड हजार घेतो, मायक्रोवेव्ह जवळजवळ तेवढंच, केस वाळवायचं यंत्रही तितकंच. दोन चालतात, तिसरं लावलं की ब्रेकर पडतो. सकाळी शहरात जायची गडबड असते तेव्हाच हे घडतं. त्यामुळे कोण कधी काय लावणार ते आदल्या रात्री ठरवून टाकावं. कपडे मात्र एका संध्याकाळी कॅम्पग्राऊंडच्या मशिनवर एकदमच धुवा, रोज पिळत बसू नका.

प्रश्न: आमचा कुत्रा बरोबर असेल. आम्ही शहर बघायला गेलो की त्याला एसी लावून आरव्हीतच ठेवलं तर चालेल ना?

उत्तर: उन्हाळ्यात नको. वर ब्रेकरबद्दल लिहिलंय तेच इथे जिवावर बेततं. तुम्ही मेट्रोत असताना कॅम्पग्राऊंडची वीज गेली तर एसी बंद पडतो आणि बंद गाडी काही मिनिटांत तापायला लागते. आतलं तापमान फोनवर कळवणारी यंत्रं मिळतात, पण तुम्ही तासभर लांब असलात तर नुसतं कळून काय उपयोग? त्यातून अनेक कॅम्पग्राऊंडांत कुत्र्याला एकटं ठेवायला परवानगीच नसते. वॉशिंग्टनच्या मेट्रोत साधा पाळीव प्राणी बंद पेटीतूनच नेता येतो आणि म्युझियममध्ये फक्त सेवा देणाऱ्या कुत्र्यांना प्रवेश आहे. त्याला दिवसापुरतं डॉग डेकेअरमध्ये ठेवा. लसीकरणाचे कागद लागतात, ते घरून निघतानाच घ्या. नाहीतर दोघांनी आळीपाळीने शहर बघा. बिचाऱ्याला सांगता येत नाही, म्हणून आपणच जपायचं.

प्रश्न: शिकागोसाठी रेल्वेच्या जवळची अशी जागा आहे का? आईबाबा दोघंही सत्तरीचे, ग्रीनकार्डधारक आहेत. त्यांना काही सवलत?

उत्तर: आहे. झायन गावाजवळ इलिनॉय बीच स्टेट पार्क आहे, मिशिगन सरोवराच्या काठावर. झायनला मेट्राच्या, म्हणजे शिकागोच्या लोकल रेल्वेच्या, युनियन पॅसिफिक नॉर्थ मार्गाचं स्टेशन आहे आणि गाडी थेट शिकागोच्या ओगिल्व्ही स्टेशनात जाते. प्रवास तासाभराहून जास्त आहे, पण बसून आरामात होतो. वाटेतल्या वॉकेगन स्टेशनाच्या पुढे, झायनच्या बाजूला, गाड्या फार कमी असतात, शनिवार-रविवारी तर बघायलाच नको. त्यामुळे सकाळी निघतानाच परतीची गाडी ठरवा आणि आईबाबांना घेऊन निदान अर्धा तास आधी स्टेशनात या.

सवलतीचं म्हणाल तर 62 वर्षांवरच्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना फेडरल सरकारचा सीनियर पास मिळतो. त्यावर ग्रीनबेल्टसारख्या बऱ्याच फेडरल कॅम्पग्राऊंडांत मुक्कामाचे पैसे निम्मे होतात. इलिनॉय बीच राज्य सरकारचं आहे, तिथे हा पास चालणार नाही. दोघांपैकी एकाचा पास काढला तरी पुरतो, फक्त तिथे आल्यावर पासधारक स्वतः हजर हवा आणि ओळखपत्र जवळ हवं.