ॲक्सॉनच्या वाटेचा अभ्यास: सुरुवात कुठून करू?

रत्नागिरीच्या कॉलेजात सेमिनारला हा विषय, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा (ॲक्सॉन) वाढताना आपली वाट कशी शोधतो, घेतोयस आणि सुरुवात कुठून करू विचारतोयस, वाचून खूप बरं वाटलं. वाट दाखवणाऱ्या रेणूंच्या याद्या आत्ता पाठ करू नकोस. आधी ग्रोथ कोन नीट समजून घे. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालनं १८९० मध्ये वर्णन केलेलं हे ॲक्सॉनचं टोक पंजासारखं पसरतं आणि समोरच्या पेशींचा पृष्ठभाग चाचपत पुढे सरकतं.

मग जर्मन शास्त्रज्ञ बोनहोफरच्या गटाचा १९८७ चा प्रयोग. कोंबडीच्या भ्रूणातल्या टेक्टमच्या (मेंदूत डोळ्याकडचे ॲक्सॉन पोचतात त्या भागाच्या) पुढच्या आणि मागच्या भागांची पेशीपटलं आलटून पालटून पट्ट्यांत मांडली. रेटिनाच्या (डोळ्यातल्या पडद्याच्या) कानाकडच्या बाजूचे ॲक्सॉन फक्त पुढच्या पट्ट्यांवर वाढले. मागची पटलं तापवल्यावर मात्र ही निवडच संपली. म्हणजे पुढचा भाग ओढत नव्हता, मागचा हटकत होता! हा तर्क स्वतःच्या हातानं चित्र काढून पचव.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- सगळे संकेत आकर्षणाचेच मानणं.
- एफ्रिन (असं हटकणारं प्रथिन) विरघळून दूर पसरतं असं समजणं. ते पेशीपटलालाच चिकटलेलं असतं, स्पर्श लागतोच.
- रेणूवर कायमचा शिक्का मारणं. नेट्रिन हे प्रथिन ॲक्सॉनवरच्या डीसीसी या रिसेप्टरमार्फत (संकेत पकडणाऱ्या प्रथिनामार्फत) ओढतं, अन्‌क-५ हा दुसरा रिसेप्टर असेल तर दूर लोटतं.

पेशीच्या आतली संकेतांची साखळी नंतर बघू. पट्ट्यांचं चित्र झालं की दाखव.