आई म्हणते, ‘या वयात एवढं चालायचंच’. तिला डोळे तपासायला कसं न्यावं?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: आईंचं वय 71, मधुमेह आहे, हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की ‘या वयात एवढं चालायचंच’. हेच वाक्य मी वडिलांच्या तोंडून चार वर्षं ऐकलं आणि गप्प बसलो. त्याचं आजही वाईट वाटतं.

वडील रोज पेपर वाचायचे, त्यामुळे डोळे ठीक आहेत असं आम्ही धरून चाललो. चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, पायरी चुकायची, तर दोष गुडघ्यांना दिला. मोतीबिंदू असेल म्हणून अखेर नेलं, तेव्हा काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. हा आजार बहुतेकदा दुखत नाही. समोरचं अक्षर दिसत राहतं आणि बाजूची नजर हळूहळू जाते. जिथलं दिसत नाही तिथे अंधारही जाणवत नाही, म्हणून माणूस तक्रारच करत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी उरलेली सांभाळायची, एवढंच हातात राहतं.

मोतीबिंदूचं तसं नाही, तिथे गेलेलं दिसणं बहुधा परत मिळतं. गढुळलेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी असं पहिलं भिंग 1949 मध्ये बसवलं. तरीही जगात अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण आजही मोतीबिंदूच आहे. ‘पिकल्यावर काढू’ म्हणत थांबू नका. फार पिकलेला काढायला अवघड जातो, कधी डोळ्यातलं प्रेशरही वाढतं. रोजची कामं अडायला लागली, की डॉक्टरांशी ऑपरेशनचं बोलायची वेळ झाली.

आईंच्या बाबतीत मला जास्त काळजी मधुमेहाची वाटते. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत असतात, तेव्हाही दिसायला सगळं व्यवस्थित असू शकतं. म्हणून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा तरी हवी, तक्रार असो वा नसो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणं म्हणजे ही तपासणी नव्हे.

आता त्यांना न्यायचं कसं. वडील का टाळत होते हे मला फार उशिरा कळलं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास अंधुक दिसतं, एकट्याने परतता येत नाही. आम्हाला रजा घ्यायला लावायची नाही, म्हणून ते ‘चालायचंच’ म्हणत होते. माझ्या मते म्हातारी माणसं डोळ्यांना घाबरून जितकी थांबतात, त्याहून जास्त सोबत मागायच्या संकोचाने थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालात म्हटलंय की किमान 220 कोटी लोकांना दृष्टीचा दोष आहे, आणि त्यांतल्या किमान 100 कोटींचा टाळता आला असता किंवा त्यावर अजून इलाज झालेला नाही. तो आकडा वाचताना मला ओसरीवर एकटे बसलेले वडील दिसतात.

तर ‘कधी येतेस?’ असं विचारू नका. वेळ घ्या, रजा टाका आणि मग सांगा. तरीही नाही म्हणाल्या, तर घरातच आधी एक, मग दुसरा डोळा तळहाताने झाकून समोरचं कॅलेंडर वाचायला सांगा. चष्मा असेल तर तो लावूनच. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला झाकून नेतो. वडील तयार झाले ते यानेच. हे जमलं म्हणून तपासणी मात्र टाळू नका, काचबिंदू यात सापडत नाही.

अचानक पडदा ओढल्यासारखं झालं, विजेसारखे चमकारे दिसले, सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या किंवा डोळा लाल होऊन खूप दुखला, तर त्याच दिवशी निघा.

थेंब सुरू झाले तर पहिले काही दिवस तुम्ही घाला. हात थरथरतो, थेंब गालावर पडतो आणि त्या सांगत नाहीत. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

आणि त्यांना काचबिंदू निघाला, तर तुम्ही व तुमची भावंडंही तपासून घ्या, तो घराण्यात उतरतो. मी दर वर्षी जातो.