मॅसॅच्युसेट्समधल्या छोट्या गावाभोवती जंगलातून दिवसभराची गोल फेरी कशी आखावी?

तुम्ही बॉस्टनजवळच्या लहान गावात नुकतेच राहायला आलात, जिकडेतिकडे 'कॉन्झर्वेशन लँड'च्या, म्हणजे बांधकाम न करता राखून ठेवलेल्या जमिनीच्या, पाट्या दिसतात, पण निघालो तिथेच परत आणणारी आठ-दहा मैलांची सलग वाट नकाशावर सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक गावांत ती तयार नसतेच. आपणच जोडून घ्यावी लागते.

कारण ही जमीन एकाच वेळी, सलग अशी कुणी राखून ठेवलेली नाही. १९५७ साली राज्याने गावांना कॉन्झर्वेशन कमिशन (अशा जमिनी बघणारी गावची समिती) नेमण्याची मुभा देणारा कायदा केला आणि मग जमिनी विकायला निघतील तसे गावं तुकडे घेत गेली. २००० च्या कम्युनिटी प्रिझर्वेशन कायद्यानंतर मालमत्ता करावर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावून त्यासाठी पैसे उभे करता येऊ लागले. त्यामुळे एक तुकडा गावाचा, शेजारचा लँड ट्रस्टचा (जमिनी राखणारी खाजगी संस्था), पलीकडचा राज्याचा. काही तर अजून खाजगीच आहेत, फक्त तिथे बांधकाम करणार नाही असा कायमचा करार मालकाने केलेला असतो. नकाशावर हिरवं दिसलं म्हणून आत शिरू नका, ते याचसाठी.

गावाचा नकाशा आणि लँड ट्रस्टचा नकाशा, दोन्ही शेजारी ठेवून बसा. जंगलातल्या वाटा बघायला फार वेळ लागत नाही. वेळ द्यायचा तो दोन तुकड्यांच्या सांध्याला. तिथे कधी दोन घरांच्या मधून चिंचोळी पायवाट असते, कधी फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून पाव मैल चालावं लागतं. माझ्या मते फेरी चांगली की वाईट हे या सांध्यांवरच ठरतं. बॉस्टनभोवती कमानीसारखी गेलेली सुमारे २३० मैलांची बे सर्किट ट्रेल तुमच्या गावातून जात असेल तर अर्धं काम झालंच समजा. जाताना ती धरा, येताना गावच्या वाटा.

नियमही तुकड्यागणिक बदलतात. बॉस्टनजवळच्या लिंकन गावात माउंट मिझरीच्या जंगलात (नाव डोंगराचं, आहे टेकाड) लोक सर्रास कुत्री फिरवतात. तिथूनच पुढे वॉल्डन तळ्याच्या राखीव क्षेत्रात गेलात की कुत्र्यांना बंदी. कुत्रा सोबत असेल तर सबंध फेरीच वेगळी आखावी लागेल.

चालताना वाट दाखवायला झाडांवर रंगवलेल्या पट्ट्यांकडे लक्ष असू द्या. एकावर एक दोन पट्ट्या म्हणजे पुढे वळण. वरची पट्टी ज्या बाजूला सरकलेली, तिकडे वळायचं. गर्द झाडीत मध्येच कमरेएवढी दगडी गडग्याची ओळ लागते. ती जुन्या शेतांची हद्द. एकोणिसाव्या शतकात इथलं बरंचसं रान तोडून शेती केली होती, नंतर शेतं ओस पडली आणि झाडं परत आली. गडगा बघून आपण कुणाच्या आवारात शिरलो की काय, असं वाटून मागे फिरायचं कारण नाही. हद्द सांगतात त्या झाडावर ठोकलेल्या पाट्या.

आता गोचिडी. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या चावण्यातून होणाऱ्या लाइम आजाराला नाव मिळालं ते शेजारच्या कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून. मे ते जुलैमध्ये गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चावलेली कळतही नाहीत. पँट मोज्यात खोचा, वाटेच्या मधोमध चाला, आणि घरी आल्या आल्या अंघोळ करून गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी असले उपाय नकोत. साधारणपणे एका दिवसाच्या आत निघाली तर धोका बराच कमी असतो.

शरद ऋतूत शिकार चालते, आणि गावाच्या काही जमिनींवरही तिला परवानगी असते. तेव्हा भडक नारिंगी जाकीट घाला. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून दहा मैलांचा बेत असेल तर सकाळीच निघा.