‘स्टडी टेक्नॉलॉजी’ आमच्या शाळेत आणावी का? त्यामागे कुठला धर्म आहे का?

इंदूरच्या आपल्या शाळेसाठी एका पालकांनी अप्लाइड स्कोलॅस्टिक्स या संस्थेची ही शिकवण्याची पद्धत सुचवली आहे आणि तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी धर्माचं. होय, संबंध आहे. ही अमेरिकेतली ना-नफा संस्था १९७२ साली सुरू झाली. मुख्यालय मिसुरी राज्यात सेंट लुईसजवळ. पद्धत एल. रॉन हबर्ड यांची, म्हणजे सायंटॉलॉजी या धर्मपंथाच्या संस्थापकांची. संस्था स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवते. पण सायंटॉलॉजीचे स्वतःचे अभ्यासक्रमही याच पद्धतीने शिकवले जातात. पालकांना हे पहिल्याच सभेत सांगा, नंतर कळलं तर विश्वास जातो.

पद्धतीप्रमाणे अभ्यास तीन ठिकाणी अडतो: वस्तू समोर नसते, पायरी फार उंच पडते, किंवा एखादा शब्द कळलेला नसतो.

वस्तूंसाठी एक पुडी करतात. रबरबँड, बटणं, यूपिना, काड्या, बाटलीची झाकणं. पंधरा-वीस नग पुरतात. ‘ग्रहण’ वाचून झालं की मुलाने तीन झाकणं मांडून सूर्य, पृथ्वी, चंद्र दाखवायचे. झाकणं बाईंनी हलवली की उपयोग संपला. चंद्रग्रहणातही मुलाने चंद्र मध्येच ठेवला, तर दोन्ही ग्रहणं त्याच्या डोक्यात एकच आहेत हे तिथल्या तिथे दिसतं.

पायरीचं काम कुठलाही चांगला शिक्षक करतोच. अपूर्णांकांची बेरीज जमत नसेल तर लसाविकडे मागे जायचं.

शब्दांचा भाग आपल्याकडे सगळ्यात कामाचा आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी. ‘शिक्षा का अधिकार’ वाचताना मराठी घरातल्या मुलाला छडी आठवते. ‘खाली बर्तन’ (रिकामं भांडं), ‘चेष्टा’ (प्रयत्न), ‘यंत्रणा’ (यातना) यांचंही तेच. शब्द ओळखीचा वाटतो, त्यामुळे आपण अडलोय हेच मुलाला कळत नाही. अशा वेळी जिथपर्यंत नीट समजत होतं तिथे परत जायचं, त्यापुढच्या दोन-चार ओळींत शब्द शोधायचा, कोशात लागू पडणारा अर्थ बघायचा, मुलाने स्वतःची तीन-चार वाक्यं करायची आणि मग परिच्छेद पुन्हा वाचायचा. पाठ केलेलं वाक्य चालत नाही. मूळ पद्धतीत पुढे त्या शब्दाचे बाकीचे अर्थ आणि व्युत्पत्तीही बघतात. इथेच गाडं रुततं: एका शब्दाच्या अर्थात आणखी दोन अवघड शब्द निघतात आणि ४० मिनिटांचा तास तिथेच संपतो. खजुरी बाजारातून मुलांसाठीचा सोपा कोश आणा आणि एका धड्याला तीनच शब्द ठेवा.

आता जे मला मुळीच मान्य नाही ते. मूल जांभई देतंय, रिकाम्या नजरेने बघतंय, तर मागे एखादा न कळलेला शब्द आहे, आणि अभ्यास सोडण्याचं कारणही तेच, असं ही पद्धत मानते. अहो, मुलाला चष्मा लागला असेल, झोप झाली नसेल, कदाचित शिकवणंच कच्चं असेल! ‘द.सा.द.शे. ५ दराने सरळव्याज’ यातला एकेक शब्द कळूनही गणित अडतं. आणि डिस्लेक्सिया (वाचायला शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलापुढे कोश ठेवणं म्हणजे त्याचं ओझं दुप्पट करणं; त्याला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड शिकवणारा प्रशिक्षित शिक्षकच हवा. या सर्वव्यापी दाव्याला स्वतंत्र संशोधनाचा भक्कम आधार नाही.

हाताने मांडून शिकवणं कुणाच्या मालकीचंही नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, खडे, शिंपले घेऊन आदिवासी मुलांना शिकवलं, त्याला परवाना लागला नव्हता. म्हणून माझं मत असं की पुडी, पायरी आणि कोश एवढं घ्या, संस्थेशी करार करू नका.

तरीही समितीला बोलणी करायचीच असतील तर लेखी विचारा: मोफत प्रशिक्षणानंतर पैसे देऊन घ्यायचे टप्पे आहेत का, पुस्तकं विकत घ्यावी लागतील का, मजकूर आपल्या भाषेत बदलता येईल का, शिक्षकांचे आणि पालकांचे पत्ते कुणाकडे जातील. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला त्यात बसवायचं तर पालकांची संमती लागते. हे धार्मिक शिक्षण ठरेल की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून संमतीपत्रावर हबर्ड आणि सायंटॉलॉजी ही दोन्ही नावं स्पष्ट लिहा, आणि ते हिंदी-मराठी दोन्हींत छापा.